डाळीचं पीठ आणलंय, आता करायचं काय? पेरा, वैरा, लावा, भिजवा

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये तीन पोरं राहतात, तिघंही ऐरोलीला आयटीत, कधी दिवसाची शिफ्ट कधी रात्रीची, कोपरखैरण्यात अशी पोरं दर सोसायटीत सापडतील. जूनमध्ये धो धो पाऊस चालू असताना त्यातला अकोल्याचा पोरगा दाराशी आला आणि म्हणाला काकू वास मस्त येतोय, थोडं बेसन मिळेल का. मी आपली डब्यातलं वाटीभर पीठ घेऊन बाहेर आले तर तो वाटीकडे बघतच राहिला. त्याला पिठलं हवं होतं! विदर्भात पिठल्यालाच बेसन म्हणतात, माहीत होतं मला, पण ऐनवेळी डोक्यात आलंच नाही. तोवर आमचं पिठलं संपलं होतं, म्हटलं हेच पीठ घेऊन जा, दहा मिनिटांचं काम आहे, कर घरी. वीस मिनिटांनी करपल्याचा वास आमच्या हॉलपर्यंत आला आणि जाऊन बघते तर कढईत वरून पाणी, खालून कोळसा आणि मध्ये लिंबाएवढ्या गुठळ्या.

तेव्हापासून दर रविवारी समोर शिकवणी चालू आहे. त्यात एक गोष्ट कळली, की पोरांना रेसिपी सापडत नाही असं नाही, मोबाईलवर शंभर सापडतात, पण एकात एक वाटी पाणी तर दुसऱ्यात तीन, मग डोकं चालत नाही. मी त्यांना म्हटलं मापं नंतर, आधी शब्द शिका. आपल्याकडे या पिठाला वेगवेगळी क्रियापदं आहेत बघा: भाजीत पीठ पेरतात, उकळत्या पाण्यात वैरतात, कढीला लावतात, भज्यांना भिजवतात आणि लाडवाला भाजतात. शब्द नीट पकडला की पाणी किती आणि ते पिठाच्या आधी की नंतर, हे त्यातच आलं.

आधी पीठ

दुकानात बेसन दोन प्रकारचं मिळतं, बारीक आणि जाडसर, जाडसरला लाडू बेसन म्हणून मागा. रोजच्या कामाला बारीक, लाडवाला जाडसर, नवीन असाल तर फक्त बारीक घ्या. पाकिटामागे काय काय घातलंय ते वाचा, फक्त चणा डाळ असं पाहिजे. वाटाण्याची डाळ स्वस्त पडते म्हणून तीही मिसळतात आणि मग पिठलं उगाच गुळगुळीत, बेचव होतं. मी स्वतः हरभऱ्याची डाळ आणून गिरणीतून दळून आणते, किंचित रवाळ येतं आणि झुणक्याला तर तेच पाहिजे. गिरणीवाल्याला एकच विचारायचं की आधी काय दळलंय, कारण ज्वारी-बाजरीच्या पाठोपाठ तुमची डाळ गेली तर पहिलं अर्धा किलो भेसळच समजा.

आणि भरून ठेवू नका हो. आपल्या इथली हवा इतकी दमट की जुलैमध्ये मीठसुद्धा पाणी सोडतं, पिठाचं काय घेऊन बसलात. अर्धा किलो आणा, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा आणि पावसाळ्यात तो डबा फ्रीजमध्ये ठेवा. जाळी दिसली किंवा चिमूटभर जिभेवर कडवट लागलं तर सरळ टाकून द्या, फोडणीने कडूपणा जात नाही. वापरायच्या आधी चाळून घ्या, दर वेळी. कंटाळा येतो मान्य, पण अर्ध्या गुठळ्या चाळणीतच मोडतात.

खाली जिथे जिथे वाटी म्हटलंय ती साधी आमटीची वाटी, साधारण 150 मिलीची. पीठ, पाणी, ताक सगळं त्याच वाटीने मोजायचं, मग वाटी लहान-मोठी असली तरी फार बिघडत नाही.

पेरायचं: पीठ पेरून भाजी

सुरुवात इथून करा, पिठल्यापासून नको. यात पीठ पाण्यात जातच नाही त्यामुळे गुठळ्यांचा प्रश्नच नाही आणि बिघडली तरी खाण्यासारखी राहते.

पाव किलो सिमला मिरची घ्या. बिया काढा, बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. अर्धी वाटी डाळीचं पीठ कोरड्या कढईत मंद गॅसवर तीन-चार मिनिटं हलवत राहा, रंग बदलायला नको, फक्त कच्चा वास जाऊन खमंग वास सुटला पाहिजे, लगेच ताटलीत काढा. आता त्याच कढईत तेल, आणि इथे हात आखडता घेऊ नका, नेहमीच्या भाजीपेक्षा एक चमचा जास्तच, कारण पीठ तेल पितं आणि तेल कमी पडलं की घशात अडकतं. मोहरी, हिंग, हळद, मग सिमला मिरची, वर झाकण, चार-पाच मिनिटं. मिरची अर्धवट मऊ झाली की मीठ, लाल तिखट, चिमूटभर साखर.

मग पेरायचं. चमच्याने किंवा मुठीने, शेतात बी पेरतात तसं सगळीकडे सारखं भुरभुरवायचं, एका जागी ढीग नाही. आणि आता हात आवरा! ढवळू नका. झाकण ठेवा, दोन-तीन मिनिटं वाफ येऊ द्या, मिरचीला सुटलेलं पाणी पीठ आपणहून ओढून घेतं. झाकण काढल्यावर वरचं पीठ ओलसर पिवळं दिसेल, मध्ये मध्ये पांढुरके कोरडे ठिपके दिसतील, तेवढ्याच जागी हाताने पाण्याचा हबका मारा, म्हणजे बोटं बुडवून झटकायची, वाटीने ओतायचं नाही. मग खालून वर एकदा परता, परत झाकण, परत दोन मिनिटं. पीठ तुकड्यांना चिकटून मोकळं मोकळं झालं पाहिजे आणि कडेने थोडं खरपूस. डब्याला याच्यासारखी भाजी नाही, सांडत नाही, गळत नाही, ट्रेनमध्ये बॅग उलटी झाली तरी निवांत.

हाच प्रकार पातीच्या कांद्याचा, मेथीचा, कोबीचा. पालेभाजी असेल तर पीठ थोडं जास्त लागतं कारण पाणी जास्त सुटतं, आणि मीठ मात्र पाला खाली बसल्यावरच घाला, नाहीतर ढीगभर बघून घातलेलं मीठ मूठभर भाजीत उरतं.

वैरायचं: पिठलं

ही खरी परीक्षा. एक वाटी पिठाला तीन वाट्या पाणी धरा. तीन वाट्या बघून पोरांना वाटतं फारच पातळ होणार, पण गरम झालं की पिठातला स्टार्च पाणी ओढून फुगतो, ताटात वाढेपर्यंत अजून घट्ट होतं आणि गार झाल्यावर तर सुरीने कापता येतं. म्हणून गॅस बंद करताना पिठलं तुम्हाला हवं त्यापेक्षा पातळच दिसायला हवं.

कढई शक्यतो लोखंडी. तेल, मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेल्या सहा-सात लसूण पाकळ्या, तीन-चार हिरव्या मिरच्या, कढीपत्ता, एक कांदा बारीक चिरून. कांदा गुलाबी झाला की हळद, मग पाणी आणि मीठ. मीठ पाण्यात घालून चव बघा, पाणी चांगलं खारट लागलं पाहिजे कारण पीठ पडलं की चव मंदावते.

पाण्याला खळखळून उकळी आली की गॅस बारीक करा. आता एका हातात पिठाची वाटी, दुसऱ्या हातात डाव किंवा रवी, पीठ वरून बारीक धारेसारखं सोडायचं आणि दुसरा हात थांबवायचाच नाही. याला वैरणं म्हणतात. हात दोन आणि लक्ष एक, म्हणून मोबाईल लांब ठेवा, अकोलेकराचं पिठलं व्हिडिओ पॉज करायला गेल्यामुळेच गेलं होतं.

धीर होत नसेल तर सोपी वाट आहे, तीनपैकी एक वाटी पाणी गार बाजूला ठेवा, त्यात पीठ आधी कालवून घ्या आणि मग ते उकळत्या दोन वाट्यांत ओता. कालवतानाही सगळं पाणी एकदम नाही, आधी थोड्या पाण्यात दाटसर लेप करा, गुठळ्या चमच्याच्या पाठीने मोडा, मग बाकीचं पाणी. जुन्या बायका याला नाकं मुरडतात, वैरलेल्या पिठल्याची चव वेगळी म्हणतात आणि खरं सांगू का, वेगळी असतेच. पण पहिले चार वेळा कालवून करा, काही बिघडत नाही.

पीठ पडल्यावर झाकण ठेवून अगदी मंद गॅसवर सहा-सात मिनिटं, मध्ये दोनदा हलवा. झाकण उघडताना जपून, घट्ट पिठलं रटरटायला लागलं की टपोरे थेंब उडतात आणि हातावर चिकटून बसतात, आमटीसारखे ओघळून जात नाहीत. शिजलं हे कसं ओळखायचं? कच्च्या डाळीचा उग्र वास गेलेला असतो, वर किंचित चकाकी येते, आणि चमचाभर गार करून खाल्लं तर जिभेला पिठूळ लागत नाही. वरून कोथिंबीर, सोबत भाकरी, कच्चा कांदा फोडून. कढईच्या तळाला जी खरवड धरते तिच्यासाठी आमच्याकडे अजून भांडणं होतात.

झुणका म्हणजे याचा कोरडा भाऊ. कांदा दुप्पट, तेल दुप्पट, पीठ कांद्यात घालून नीट परतायचं आणि पाणी अर्धी वाटी, तेही शिंपडत शिंपडत, मग वाफ. 1995 ला युतीचं सरकार आलं तेव्हा एक रुपयात झुणका-भाकर ही योजना निघाली होती, जागोजागी स्टॉल दिसायचे. पोरांना सांगितलं तर एक रुपया हे त्यांना खरंच वाटेना.

लावायचं: कढी आणि पातळ भाज्या

इथे पीठ मुख्य नाही, फक्त धरून ठेवायला. अर्धा लिटर आंबटसर ताकाला दोन चमचे पीठ पुरे. महत्त्वाचं एवढंच की पीठ गार ताकातच घुसळून घ्यायचं, ताक गरम झाल्यावर नाही. मिरची-आलं ठेचून, मीठ, थोडी साखर, तुपाची जिरं-कढीपत्त्याची फोडणी. ताक नुसतं तापवलं तर फुटतं, चोथा आणि पाणी वेगळं होतं, पिठातला स्टार्च मध्ये आला की ते मिळून येतं. तरी भरवसा ठेवून दुसरीकडे जाऊ नका, उकळी फुटेपर्यंत ढवळत राहा, मग गॅस बारीक करून चार-पाच मिनिटं, म्हणजे पीठ कच्चं राहणार नाही. पालकाच्या, चुक्याच्या पातळ भाजीला पण असंच, दोन चमचे पीठ गार पाण्यात कालवून लावायचं. झालं.

भिजवायचं: धिरडी आणि भजी

तिघांतला एक जिमवाला आहे, प्रोटीन प्रोटीन करत असतो, त्याला सांगितलं की 100 ग्रॅम डाळीच्या पिठात साधारण 20 ते 22 ग्रॅम प्रोटीन असतं तेव्हापासून तो रोज सकाळी धिरडी घालतो. पाऊण वाटी पाण्याला एक वाटी पीठ, हळद, तिखट, ओवा हातावर चोळून, मीठ, बारीक कांदा, कोथिंबीर, टोमॅटो. टोमॅटो घातलं की त्यालाच आपल्याकडे टोमॅटो ऑम्लेट म्हणतात, अंड्याचा पत्ता नसतो त्यात. पीठ डावातून सहज पडेल इतकं सरसरीत हवं, लागलं तर चमचा-चमचा पाणी वाढवा, दहा मिनिटं मुरू द्या. तवा चांगला तापवून तेल सोडा, मग गॅस मध्यम करा, डावभर घालून पसरवा, कडेने तेल, वर झाकण. या पिठात गव्हासारखं ग्लुटेन नसतं, ताण धरत नाही, त्यामुळे घाईने उलटायला गेलात की तुकडे हातात येतात. वरचा ओला रंग पूर्ण गेला आणि कडा आपोआप सुटल्या की मगच उलथनं घाला.

आता भजी. पावसात खारघरला पांडवकड्याकडे गाड्या पळवण्यापेक्षा घरात बसून कांदाभजी करा, माझं स्पष्ट मत.

तीन मोठे कांदे उभे पातळ चिरा, पाकळ्या हाताने सुट्या करा, मीठ चोळून पंधरा मिनिटं ठेवा. कांद्याला पाणी सुटतं आणि तेच पाणी, दुसरं पाणी घालायचंच नाही. तिखट, हळद, ओवा, कोथिंबीर घाला आणि पीठ मुठीमुठीने भुरभुरवत मिसळा, कांद्याला लेप बसला की थांबा. कांदा दिसला पाहिजे, पिठाचा गोळा नको. हॉटेलसारखी फुगावी म्हणून लोक सोडा टाकतात, जास्त पडला की भजी तेल पिऊन लिबलिबीत होतात. त्यापेक्षा कढईतलंच चमचाभर कडकडीत तेल पिठावर ओता, त्याला मोहन म्हणतात, चुर्र असा आवाज आला पाहिजे, मग चमच्याने मिसळा, हाताने नाही, भाजेल.

तेल तापलंय का बघायला पिठाचा छोटा थेंब टाका. तळाशीच बसून राहिला तर थंड आहे, टाकल्या टाकल्या काळा पडला तर जास्त तापलंय, बुडबुडे काढत दोन-तीन सेकंदात वर आला की बरोबर. भजी सोडल्यावर गॅस मध्यम, आणि कढईत गर्दी करू नका, एकदम पंधरा टाकली की तेल निवतं. मिठाची चव बघायला कच्चं पीठ चाटू नका, पोटाला बाधतं, एक भजं तळा आणि ते खाऊन बघा. तसंही करणाऱ्याचं पहिलं भजं हक्काचं असतं.

बटाटा आणि घोसाळ्याच्या भज्यांना मात्र पाणी लागतं, पीठ बोटावरून हळूहळू ओघळेल इतपत. बटाटेवड्याला त्याहून जरा दाट. कोथिंबीर वडीचं पीठ मळून, पंधरा-वीस मिनिटं वाफवून, पूर्ण गार झाल्यावर कापायचं, गरम कापलीत तर चुरा. सुरळीच्या वडीच्या नादी इतक्यात लागू नका, तिला वर्षभर थांबता येतं.

भाजायचं: लाडू

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी लाडू पंधरा मिनिटांत उरकले होते. गॅस मोठा, रंग बघता बघता सुंदर आला, वासही आला, मी खूश. खाल्ल्यावर टाळ्याला पीठ चिकटलं, वरून भाजलेलं आतून कच्चं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त पाहुण्यांना चिवडा दिला.

तर दोन वाट्या जाडसर पीठ, पाऊण वाटी साजूक तूप, जाड बुडाची कढई आणि सगळ्यात बारीक गॅस. अर्धा तास, कमी नाही. सुरुवातीला गोळा होतो, हलवताना हात दुखतो आणि वाटतं तूप कमी पडलं, पण घालू नका, थांबा. वीसेक मिनिटांनी ते आपोआप सैल पडायला लागतं, ओल्या वाळूसारखं, मग अजून सैल, कडेने तूप चमकायला लागतं आणि उलथनं हलकं फिरतं. रंग बदामी आणि वास जिन्यापर्यंत. तेव्हा चमचाभर दुधाचा हबका मारा, फसफसून वर येतं आणि लाडू रवाळ होतात. अजून दोन मिनिटं हलवून दुसऱ्या भांड्यात काढा, तापलेल्या कढईत ठेवलं तर गॅस बंद असूनही करपतं.

सव्वा वाटी पिठीसाखर मिश्रण कोमट झाल्यावरच. गरमात घातली की साखर वितळून सगळं पातळ होतं. झालंच तसं तर घाबरू नका, थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवा, वळण्याइतकं आळेल. उलट कोरडं पडून वळत नसेल तर चमचाभर तूप गरम करून घाला. वेलची, बेदाणे, वळा.

भांड्यांचं एक राहिलं. पिठल्याची कढई तशीच ठेवून झोपलात तर सकाळी सिमेंट होतं. खरवड खाऊन झाली की लगेच गार पाण्यात भिजत टाका, दहा मिनिटांत सोलून निघते, लोखंडी असेल तर धुऊन पुसून तेलाचा हात फिरवा. आणि पिठलं उरलं तर फ्रीजमध्ये घट्ट झालेल्याच्या वड्या कापायच्या, तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस करायच्या. परवा अकोलेकर डबा भरून याच वड्या घेऊन आला, म्हणाला काकू, कालचं बेसन.